रिकामं पान

"हात कुठे धुवायचे?" गुरुजींनी विचारलं, आणि आमच्या लूझने त्यांच्याकडे बघून ओठांचा चंबू केला.

मी बाजूलाच उभी होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, घरात पाऊल टाकून अजून पाणीसुद्धा विचारून झालेलं नाही, आणि माझी भावजय त्यांना ओठ काढून दाखवतेय. गुरुजी एक पाऊल मागे सरले.

"मोरी त्या बाजूला आहे हो," मी घाईघाईने म्हटलं. "ती दिशा दाखवतेय. त्यांच्यात बोट दाखवणं वाईट समजतात, म्हणून ओठांनी दाखवतात."

"कोणाच्यात?"

"फिलिपिन्समध्ये."

"सगळेच?"

"सगळेच, गुरुजी."

गुरुजी मोरीकडे गेले, पण जाताना दोनदा मागे वळून बघत गेले. त्यांच्या मागे त्यांची सून शैला. तिने तोंडावर पदर धरला होता, तो हसू दाबायला की लाजेने, ते मला तेव्हा कळलं नाही.

लूझ म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, हरेश्वरची बायको. खरं नाव लुझविमिंदा, पण एवढं लांब नाव हाक मारायच्या कामाचं नाही, म्हणून सगळं उरण तिला लूझबाय म्हणतं. हरेश्वर बोटीवर मोटरमन, म्हणजे इंजिनाच्या कामाला. फिलिपिन्सच्या बिकोल नावाच्या मुलखात बंदरापाशी लूझच्या आईची खानावळ होती. तिथे हा जेवायला गेला आणि जेवतच राहिला. लग्न करून तिला इथे आणली, तर महिन्याभरात तिने घराच्या पुढच्या दोन खोल्यांत खानावळ मांडली. 'मायोन' हे नावही तिनेच दिलं. तिच्या गावामागे धुमसणारा डोंगर आहे, त्याचं ते नाव. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी आणि माझी पोरगी प्रणाली भावाकडेच. तेव्हा रांधायला लूझ, मासळी घ्यायला आणि मासळीवालीशी भांडायला मी, गिऱ्हाइकाकडे बघायला प्रणाली, असा आमचा कारभार. बंदराला बोट लागली की फिलिपिनो खलाशी यायचे, पहिल्या घासालाच त्यांना आई आठवायची, आणि दुसऱ्या घासाला ते लूझला आई म्हणायला लागायचे. ती मला मात्र 'आते' म्हणायची. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. गावाला वाटायचं, ही बाई नणंदेला आत्या का म्हणते, म्हणजे वेडीच असणार.

आणि खलाशांमागोमाग आला निकेत. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होता, दुपारी जेवायला यायचा. आधी लूझच्या अळूसाठी यायचा, मग अळू संपलेलं असलं तरी यायचा. प्रणालीने मला सांगितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. त्याला एकट्यालाच पापड दोन मिळायचे, हे मी कधीच बघितलं होतं.

निकेतच्या घरी सगळे राजी होते. फक्त आजोबा सोडून. पोयनाडकडचे कमळाकर गुरुजी, जन्मभर शाळेत शिकवलेले, घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. त्यांचं म्हणणं असं, की मुलगी चांगली असेल, पण ती ज्या घरात वाढली त्या घरात काय शिजतं, कसं वाढतात, हे मी स्वतः जेवून बघीन. मगच हो की नाही सांगेन. गावातल्या कोणी तरी त्यांना भरवून दिलं होतं की ही बाई साप, बेडूक, काय वाट्टेल ते रांधते.

"आई," प्रणाली आदल्या दिवशी मला म्हणाली, "ते नाही म्हणाले तर निकेत त्यांना दुखवून लग्न करणार नाही. आणि मीही त्याला करू देणार नाही. पण मग दुसरा कोणी आणू नकोस माझ्यासाठी."

पोरगी रडली असती तर मी समजूत काढली असती. ती मटार सोलता सोलता बोलली, म्हणून मला जास्त भीती वाटली. या एका जेवणावर माझ्या लेकीचं सगळं अडकलं होतं, आणि भाऊ तर समुद्रावर. सगळा भार आम्हा बायकांवर.

म्हणून मी लूझला शिकवायला बसले. मासे रांधायचं तिला काय शिकवायचं, पण आपल्याकडचा आग्रह तिला ठाऊक नव्हता. खलाशी काय, ताट भरून घेतात, जेवतात आणि उठतात.

"हे बघ लूझ," मी म्हटलं, "आपला पाहुणा नको म्हणणार. आपण वाढायचं."

"नको म्हणाला तरी?"

"तरीच. तो पानावर हात आडवा धरेल. हाताच्या बाजूने वाढायचं. आणि मीसुद्धा म्हणेन, अगं राहू दे, किती वाढतेस. तू ऐकायचं नाहीस. ते आपलं म्हणायचं असतं."

"मग थांबू कधी?"

"ते कळतंच गो. पानाकडे बघायचं, आपोआप कळतं."

लूझने भुवया वर केल्या. त्यांच्यात 'हो' म्हणायची ती रीत. मी निर्धास्त झाले.

तर गुरुजी हात धुऊन आले आणि बाकावर मांडी घालून बसले. निकेतची आई शैला शेजारी बसली. लूझने वेताच्या ताटल्यांत केळीची पानं घालून समोर ठेवली. गुरुजींनी तिला नीट न्याहाळलं.

"मराठी येतं का तुम्हाला?" ते म्हणाले.

लूझने भुवया उडवल्या.

"मी विचारलं, मराठी येतं का?" त्यांनी जरा मोठ्याने विचारलं.

पुन्हा भुवया.

"ती हो म्हणतेय, गुरुजी," मी मध्ये पडले. "त्यांच्यात हो म्हणायचं तर भुवया वर करतात."

"तोंडाने म्हणायला काय होतं?"

"येतं," लूझ तोंडाने म्हणाली आणि गोड हसली. गुरुजी हसले नाहीत.

प्रणाली पाणी घेऊन आली. मोरपंखी साडी, खाली मान. गुरुजींनी तिला काहीच विचारलं नाही. त्यांची नजर पातेल्यावर होती.

पहिलं अळू आलं. लूझ अळूची पानं आधी सावलीत सुकवते. मग नारळाच्या दुधात जवळा, आलं, मिरची घालून मंद शिजवते, आणि शिजेपर्यंत त्याला डाव लावू देत नाही, ढवळलं तर घशाला खाजतं म्हणते. गुरुजींनी बोटाच्या टोकावर थोडंसं घेऊन जिभेला लावलं आणि वाट बघत बसले. अळू खाजणार, अशी त्यांची पक्की खात्री दिसत होती. खाजलं नाही. मग त्यांनी घास घेतला. मग दुसरा. मग भात कालवला.

"हे आपलंच अळू आहे," ते कोणाला तरी दटावल्यागत म्हणाले.

"आपलंच," मी म्हटलं. "परड्यातलं."

मुशी मासा आला, नारळाच्या दुधात शेवग्याचा पाला घालून. बिंबलं घातलेला माशाचा आंबट रस्सा आला. गुरुजी शिस्तीत जेवत होते. शीत सांडत नव्हते, बोलत नव्हते, आणि शेवटी बोटाने पान पुसून त्यांनी ते असं लख्ख केलं की परत वापरता आलं असतं.

"मामंजी पानात काही टाकत नाहीत," शैला मला म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक कमी आणि थकवा जास्त होता. "आणि कोणाला टाकू देत नाहीत. माझ्या नवऱ्याला लहानपणी शिळा भात संपेपर्यंत उठू देत नसत. मलासुद्धा लग्नाच्या पंक्तीत बसवून ठेवलं होतं, वरातीचे लोक ताटकळत होते."

"अन्न आहे ते," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात लूझ आली, तिने लख्ख पान पाहिलं आणि डाव भरून अळू वाढलं. वर भाताचा डोंगर.

"नको, नको," गुरुजी म्हणाले.

लूझने माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, शाबास, आणि तोंडाने म्हटलं, "अगं राहू दे, किती वाढतेस." तिने आणखी एक डाव घातला. मला भरून आलं. एवढी शिकवणी कोणी मनावर घेतली नव्हती माझी.

गुरुजींनी खाल्लं. पान पुसलं. लूझ आली, मुशी वाढली. गुरुजींनी हात आडवा धरला, तिने बाजूने वाढली. त्यांनी खाल्लं. पान पुसलं. लूझ आली.

मी खुळी, सुरुवातीला खूश होते. म्हातारबुवांना आवडलं, गंगेत घोडं न्हालं, असं समजून मी शैलाला जावयाच्या आहेराबद्दलसुद्धा विचारलं. मग गुरुजींनी टोपी काढून बाजूला ठेवली. शैला दचकली. ती मला हळूच म्हणाली, "झोपताना सोडून मी त्यांना टोपीशिवाय बघितलेलं नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता. सदऱ्याचं खालचं बटण सुटलं होतं, आपोआप की त्यांनी सोडलं, देव जाणे. आणि तरी ते खात होते, एकेक घास मोजून.

"लूझ, बास झालं गो," मी म्हटलं. खरोखरच म्हटलं.

लूझने मला डोळा मारला आणि रस्सा वाढला.

मी हाताने 'पुरे' अशी खूण केली. तिने भात वाढला. मी डोळे वटारले. तिला वाटलं मी पाहुण्यांसमोर फारच छान नाटक करतेय, तिने कौतुकाने मान हलवली आणि पातेल्यातलं उरलंसुरलं अळू गुरुजींच्या पानात पालथं केलं. तो ढीग बघून गुरुजींनी डोळे मिटले.

मी तिला दंडाला धरून आत ओढलं.

"म्हातारा मरेल माझ्या दारात. थांबत का नाहीस?"

"पण आते, तू सांगितलं पानाकडे बघ. मी बघते. पान रिकामं आहे."

"रिकामं म्हणजे झालं त्यांचं जेवण."

"नाही," लूझ ठामपणे म्हणाली. "आमच्या घरी पोट भरलं की पाहुणा एक घास ठेवतो. तो घास म्हणजे, मला मिळालं, आता बास. पान रिकामं म्हणजे भूक आहे. रिकामं पान ठेवून पाहुणा उठला तर माझी आई आठवडाभर बाहेर तोंड दाखवणार नाही."

मी कपाळाला हात लावला. एकीकडे पानात कण न टाकणारा माणूस, दुसरीकडे पान रिकामं बघवत नाही अशी बाई, आणि मध्ये मी, पाहुण्याचं 'नको' ऐकू नकोस असं तिला शिकवणारी. आम्ही तिघांनी मिळून सोयरीक बुडवायची ठरवली होती.

"मग मी थांबते आता," लूझ कळवळून म्हणाली.

"तू थांबशील. तो ढीग वाढून ठेवलास त्याचं काय?"

आम्ही बाहेर आलो. गुरुजींनी ढिगातला जेमतेम कोपरा संपवला होता. हातात घास होता आणि तो तोंडापर्यंत जात नव्हता.

"गुरुजी, चूक आमची झाली," मी हात जोडले. "राहू द्या आता. उठा तुम्ही."

"पानात टाकून?" त्यांचा आवाज खोल गेला होता. "मी?"

"एक दिवस चालतं हो."

"मामंजी," शैला म्हणाली, अगदी मऊ आवाजात, "अन्न आहे ते."

इतक्या वर्षांचं व्याज तिने त्या एका वाक्यात वसूल केलं. मला तिचा राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला ती त्या क्षणी फार आवडली. मात्र हसू आलं नाही, कारण मला गुरुजींचा चेहरा दिसत होता. हा माणूस आता एकतर आजारी पडणार, नाहीतर जन्मात पहिल्यांदा पानात टाकून मान खाली घालून उठणार. आणि ज्या घरात आपली अशी फजिती झाली, त्या घरची मुलगी कोण करून घेतो? मी दारात उभ्या असलेल्या प्रणालीकडे बघितलं. तिलाही ते कळलं होतं.

आणि मग ती पोरगी पुढे आली, पदर खोचला, आणि सरळ गुरुजींच्या शेजारी बाकावर बसली. बघायला आलेल्यांच्या पंगतीत, न विचारता. मी "अगं" म्हणेपर्यंत तिने त्यांची ताटली आपल्यापुढे ओढली आणि जेवायला लागली.

त्यांचं उष्टं. घरात अजून सून म्हणून घेतलेली नाही, हो की नाही ठरलेलं नाही, आणि ही त्यांच्या पानात जेवतेय. लूझ डाव धरून जागच्या जागी थिजली.

"मला सकाळपासून कोणी खायला दिलं नाही," प्रणाली गुरुजींना म्हणाली. "साडी खराब होईल म्हणे. आजोबा, तुम्ही हात धुऊन आलात तरी चालेल. यातलं काही टाकायचं नाही, मी बघते."

गुरुजी हात धुवायला उठले नाहीत. ते तिच्या हाताकडे बघत राहिले. ती भराभरा खात होती, खरंच भुकेली होती बिचारी.

"कोण म्हणतं मी पानात टाकत नाही?" गुरुजी एकदम म्हणाले.

शैलाने मान वर केली.

"टाकायचो की. रोज टाकायचो. भूक कमी आणि वाढून घ्यायचं जास्त, अशी माझी खोड. मी हात धुवायला उठलो की ही माझ्या पानावर बसायची." ही म्हणजे त्यांची बायको, सहा वर्षांपूर्वी वारलेली. "परत येईपर्यंत पान लख्ख. मी पोरांना सांगायचो, बघा, मी टाकतो का? ती ऐकायची. एका शब्दाने कधी बोलली नाही."

"म्हणून सासूबाई स्वतःचं पान कधी घ्यायच्या नाहीत," शैला हळू म्हणाली. "मला वाटायचं, उपास असतात."

गुरुजींनी मान डोलावली. "ती गेली आणि मी वाढून घेणंच कमी केलं. भीती वाटते. उरलं तर कोण खाईल?"

"आणि मी समजत होते, तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही," शैला म्हणाली. "सहा वर्षं मी रोज भाजी बदलून बघतेय, मामंजी."

"आवडतं गं," गुरुजी म्हणाले. "उरण्याची भीती वाटते, एवढंच."

शैलाने डोळे पुसले. मलाही राहवेना, मी पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडे केला. प्रणाली मात्र खातच होती. शेवटचा घास तिने बोटाने गोळा केला आणि ताटली पुसून बाजूला ठेवली.

"झालं, आजोबा," ती म्हणाली.

शैला सावरून बसली. "मामंजी, आता विचारतेच. ही माणसं सकाळपासून जीव मुठीत धरून बसलीत. मुलगी पसंत आहे का?"

गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, ओठ थरथरले आणि मिटले. मग त्यांनी मान उचलली, लूझकडे बघितलं आणि दोन्ही भुवया वर उडवल्या.

"मामंजी, भुवया काय उडवताय?" शैला घाबरली. "चक्कर येतेय का? तोंडाने बोला ना."

लूझच्या भुवयांचं ती घाबरून विसरलीच होती, आणि तिला कोण सांगणार? लूझ कधीच आत पळाली होती. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि प्रणाली उष्ट्या हाताने गुरुजींच्या पाया पडत होती.

लूझ बाहेर आली ती बिको घेऊन. चिकट तांदूळ, गूळ आणि नारळाचं दूध आटवून करतात, वडीपेक्षा मऊ आणि पोटात दगडापेक्षा जड. सोयरीक ठरली की तोंड गोड करायचं, हेही मीच तिला शिकवलं होतं. ताटली भरून तिने गुरुजींच्या पुढे ठेवली.

"नको," गुरुजी म्हणाले. आता आवाज फुटला होता.

लूझने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. या वेळी मला काय सांगावं ते खरंच कळेना.

गुरुजींनी चिमूटभर बिको तोंडात टाकला. मग ताटली उचलली, हात धुवायला न उठताच, सगळ्यांच्या देखत प्रणालीच्या पुढे ठेवली, आणि टोपी डोक्यावर घातली.